गाळलेल्या ओळींचा ताळा

एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची ग्रंथयादी माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आली, एका साध्या टेक्स्ट फायलीत. ११,४०६ ओळी. एका ओळीत एक पुस्तक आणि ओळीत सेमिकोलनने तोडलेले सात रकाने: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट. विदर्भाबद्दल काही लिहू पाहणाऱ्या एका वाचकाला नावात 'वऱ्हाड' असलेली सगळी पुस्तकं हवी होती. मी एका ओळीची आज्ञा लिहिली, एन्टर दाबलं, आणि पापणी लवायच्या आत नऊ पुस्तकं पडद्यावर आली. ती यादी छापून दिली. जरा ऐटीतच दिली, हेही सांगून टाकतो.

ग्रंथपालबाईंनी कागदावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अहो, यात 'वऱ्हाड निघालंय लंडनला' कुठंय? आमच्याकडे दोन प्रती आहेत त्याच्या. एक तर कायम बाहेरच असते."

यादी दोघांनी मिळून टाइप केली होती. एकाने 'ऱ्ह' लिहिताना युनिकोडमधलं 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलं होतं. दुसऱ्याने साधा 'र', मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग 'ह', असा लांबचा रस्ता धरला होता. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी मात्र पहिलं 'वऱ्हाड' १८ बाइटांचं, दुसरं २१ बाइटांचं. म्हणजे दोन निराळे शब्द. दोन्ही रूपं धरून पुन्हा शोधलं तेव्हा तेवीस पुस्तकं निघाली.

कारण कळलं की एरवी माणूस मोकळा होतो. मला मात्र दुसरंच काही टोचत राहिलं. माझ्या त्या एका ओळीच्या स्क्रिप्टने कुठेही कुरकुर केली नव्हती. ना लाल अक्षरं, ना इशारा. ११,४०६ ओळींतल्या नऊ तिने माझ्या हातावर ठेवल्या आणि उरलेल्या ११,३९७ मुकाट्याने बाजूला सारल्या, आणि त्या बाजूला सारलेल्या ढिगाकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाईंच्या डोक्यात ते एक नाव नसतं तर नऊ पुस्तकांची ती यादी आजही बरोबर म्हणूनच फिरत राहिली असती.

मराठीत 'गाळणे' हे क्रियापद मोठं फसवं आहे. गाळलेला चहा कपात येतो आणि चोथा टाकला जातो; इथे गाळलेलं ते आपलं. पण शाळेच्या प्रश्नपत्रिकेतल्या 'गाळलेल्या जागा' म्हणजे नेमक्या नसलेल्या. पत्राची नक्कल करताना एक ओळ गाळली म्हणजे ती गेलीच. एकाच शब्दात ठेवलेलंही आहे आणि टाकलेलंही. नोंदी गाळणाऱ्या स्क्रिप्टचं सगळं मर्म मला या दुटप्पीपणात दिसतं. आपण कपाकडे बघतो आणि गाळणी कुणी झटकत नाही. ही पुस्तिका लिहायला घेतली ती गाळणी झटकायची सवय लावण्यासाठी. आज्ञा कशा लिहायच्या ते ओघाने येतंच.

पुस्तिका कुणासाठी आहे? प्रोग्रॅमरांसाठी नाही, त्यांना यातलं बरंचसं ठाऊक असतं, किंवा आहे असं वाटत असतं. ज्यांच्या टेबलावर अशा फायली येऊन पडतात त्यांच्यासाठी ही आहे: ग्रंथपाल, शाळेतले लेखनिक, सोसायटीचे चिटणीस, बोलीभाषांचे शब्द जमवणारे संशोधक, गुंतवणुकीचा हिशेब स्वतः ठेवणारे निवृत्त लोक. यातला प्रत्येक जण आजही अशी फाइल एक्सेलमध्ये उघडतो, वरच्या बाणावर टिचकी मारून फिल्टर लावतो आणि काम भागवतो. भागतं तोवर उत्तमच. पण तेच काम दर महिन्याला करायचं असलं, फाइल लाखभर ओळींची झाली, किंवा 'मागच्या वेळी नेमकं काय निवडलं होतं?' असं कुणी विचारलं, की बाणावरच्या टिचकीचा पुरावा कुठेच नसतो. स्क्रिप्टमध्ये नियम लिहिलेला राहतो. वर्षभराने दुसऱ्या कुणाला तो वाचता येतो आणि त्यातली चूकही दाखवता येते.

साध्या मजकुराची फाइल म्हणजे वहीच. एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि रकान्यांच्या मध्ये आखलेल्या रेघेच्या जागी एखादं चिन्ह: स्वल्पविराम, टॅब, सेमिकोलन, कोलन. युनिक्स जातीच्या यंत्रांवर वापरकर्त्यांची यादी गेली पन्नास वर्षं अशाच एका फायलीत राहते. ओळीत कोलनने तोडलेले सात रकाने. नव्वदच्या दशकात आपल्याकडे फॉक्सप्रोत भरलेल्या किती याद्या आज उघडायला माणूस मिळत नाही, ते जुन्या कचेऱ्यांत विचारा. त्याच काळातली टेक्स्ट फाइल कुठल्याही यंत्रावर उघडते, निदान तिच्यातला इंग्रजी भाग तरी. मराठी भागाचं रडगाणं पुढे येणारच आहे.

या कामाची अवजारं अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये घडली. त्यातल्या पहिल्याची जन्मकथा तिथल्याच ब्रायन कर्निघन यांनी अनेकदा सांगितली आहे. तिथल्या ली मॅकमेहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स' हे ८५ निबंध तपासायचे होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ साली टोपणनावाने लिहिलेले हे निबंध. त्यातल्या काहींचा कर्ता हॅमिल्टन की मॅडिसन, हा जुना वाद. मॅकमेहन यांना शब्दांच्या वापरावरून माग काढायचा होता. पण तेव्हाचं पीडीपी-११ यंत्र किलोबाइटांत मोजायच्या स्मृतीचं, आणि 'एड' नावाचा तिथला मजकूर-संपादनाचा प्रोग्रॅम अख्खी फाइल पोटात घेतल्याशिवाय काम करत नसे. निबंध त्याच्या पोटात मावेनात. 'एड'मध्ये एक सोय मात्र नामी होती: 'जी' म्हणजे फायलीभर सगळीकडे, मग दोन तिरक्या रेघांमध्ये शोधायचा साचा, आणि शेवटी 'पी' म्हणजे छाप. त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी तेवढाच तुकडा बाहेर काढून स्वतंत्र आज्ञा केली. ही आज्ञा अख्खी फाइल पोटात घेत नव्हती. एक ओळ वाचायची, जुळली तर छापायची, नाहीतर विसरून पुढची घ्यायची. साच्याला ते 'रेग्युलर एक्सप्रेशन' म्हणत, त्याची आद्याक्षरं मध्ये घालून नाव झालं 'ग्रेप'. साल १९७३.

विसरणं हीच ग्रेपची ताकद. ओळ गेली की गेली, म्हणून फाइल कितीही मोठी असली तरी यंत्राला धाप लागत नाही. आणि माझ्या तक्रारीचं मूळही तिथेच आहे: जे विसरलं गेलं त्याचा हिशेब कोण देणार? ग्रेपकडे त्याचं उत्तर तयार असतं, आपण मागत नाही इतकंच. आज्ञेपुढे 'वजा व्ही' लिहिलं की चाळणी उलटी होते आणि न जुळलेल्या ओळी बाहेर येतात. 'वजा सी' लिहिलं की ओळींऐवजी फक्त त्यांची संख्या मिळते. एकदा सुलटी मोजायची, एकदा उलटी मोजायची, बेरीज फायलीतल्या एकूण ओळींइतकी येते का पाहायची. लहानपणी गुणाकाराचा ताळा करायला शिकवत, तसाच हा. एक पथ्य पाळायचं: तिसरी संख्या, म्हणजे एकूण ओळी, ग्रेपला न विचारता दुसऱ्या आज्ञेने मोजायची. ज्याने चूक केली असेल त्यालाच साक्षीला उभं करू नये.

ग्रेपला रकाने कळत नाहीत, त्याच्या दृष्टीने ओळ म्हणजे एक सलग दोरी. 'वर्षाच्या रकान्यात १९६० असलेली पुस्तकं' असं त्याला सरळ सांगता येत नाही. दाखल क्रमांकात १९६० असला तरी तो ओळ उचलून आणतो. रकाने ओळखणारं अवजार १९७७ साली त्याच प्रयोगशाळेत झालं. आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन त्याचं नाव 'ऑक'. या पुस्तिकेचा निम्म्याहून अधिक भाग ऑकवर आहे. त्याची घडण एका वाक्यात सांगता येते: अट लिहा, आणि महिरपी कंसात त्या अटीला जुळणाऱ्या ओळीचं काय करायचं ते लिहा. कंस लिहिलाच नाही तर जुळलेली ओळ जशीच्या तशी छापली जाते. पाचवा रकाना म्हणजे 'डॉलर पाच'. तो १९६० शी जुळतो का, एवढी अट अवतरणचिन्हांत लिहिली की झाली तुमची स्क्रिप्ट. ओळीत रकाने किती भरले ते 'एनएफ'मध्ये असतं आणि आतापर्यंत किती ओळी वाचल्या ते 'एनआर'मध्ये. नवशिके या दोघांकडे दुर्लक्ष करतात. मी मात्र कुठलीही नवी फाइल हातात आली की आधी 'एनएफ' छापून घेतो: किती ओळींत किती रकाने. फायलीची प्रकृती तेवढ्यावरून कळते.

हे सगळं इंग्रजी जगात घडलं, मग मराठी ओळींवर ते चालतं कसं? त्याचं श्रेयही पुन्हा थॉम्प्सन यांच्याकडेच जातं. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखाली अंथरलेल्या कागदावर त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' या संकेतनाचा आराखडा मांडला. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'पुणे' हा शब्द आपण दोन अक्षरांचा म्हणतो, युनिकोड चार चिन्हांचा म्हणतो आणि फायलीत तो बारा बाइट खातो. पण या योजनेतली खरी खुबी वेगळी आहे. त्या तीन बाइटांतला एकही बाइट कधीच स्वल्पविराम, सेमिकोलन किंवा टॅब यांच्यासारखा नसतो. म्हणून ज्या जुन्या ऑकला मराठीचा गंधही नव्हता, ते ऑकसुद्धा मराठी ओळ सेमिकोलनवर अचूक तोडत असे. शब्दाची लांबी विचारली की ते बाइट मोजायचं, तो दोष राहिला होता. कर्निघन यांनी २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपल्या मूळ ऑकला युनिकोड शिकवून तो काढला. स्वतःचं अवजार पंचेचाळीस वर्षांनी दुरुस्त करत बसलेला तो माणूस मला फार आवडतो.

याच्या उलट आपल्याकडचे जुने फाँट. त्या काळात देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या जागांवर बसवलेले असत. फाँट बदलला की मराठीचा इंग्रजी कचरा. कृतिदेव या फाँटमध्ये 'य' हे अक्षर सेमिकोलनच्या जागेवर बसलेलं आहे आणि 'ए' स्वल्पविरामाच्या. आता अशा फाँटातली यादी सेमिकोलनने तोडायला घ्या. 'यमुना पर्यटन' या नावाचे किती रकाने होतील ते मोजून पाहा. म्हणून जुन्या फाँटातली फाइल आली तर आधी तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं, मगच चाळणी उचलायची. रूपांतर करणारे प्रोग्रॅमही चुकतात. त्यावर एक प्रकरण आहे, ते चिडून लिहिलं आहे.

सरावासाठी मी एक खरीखुरी, रोज बदलणारी आणि कुणालाही मिळणारी फाइल निवडली आहे. मुंबईची 'असोसिएशन ऑफ म्युच्युअल फंड्स इन इंडिया' ही संस्था, लोक तिला 'ॲम्फी' म्हणतात, देशातल्या सगळ्या म्युच्युअल फंड योजनांचं निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही, एका साध्या टेक्स्ट फायलीत देते. हजारो ओळी, सेमिकोलनने तोडलेले सहा रकाने: योजनेचा क्रमांक, दोन आयसिन (रोख्याच्या ओळखीचे) क्रमांक, योजनेचं नाव, एनएव्ही, तारीख. दिसायला अगदी गरीब फाइल, पण शिकवण्यासारखं तिच्यात इतकं आहे की तीन प्रकरणं तिनेच खाल्ली.

पहिली गोष्ट म्हणजे तिच्यातली प्रत्येक ओळ नोंद नसते. मध्येमध्ये कोऱ्या ओळी येतात. योजनांच्या प्रकाराचं शीर्षक येतं, त्याखाली फंड कंपनीचं नाव येतं, मग त्या कंपनीच्या योजना, मग पुन्हा नवी कंपनी. म्हणजे 'ही योजना कुणाची?' याचं उत्तर योजनेच्या ओळीत नसून वर कुठेतरी होऊन गेलेल्या ओळीत असतं. विसरभोळ्या ग्रेपला ते जमत नाही. ऑकला सांगता येतं: सेमिकोलन नसलेली, पण कोरीही नसलेली ओळ दिसली तर तिचा मजकूर खिशात ठेव, आणि सहा रकान्यांची ओळ आली की खिशातलं नाव तिच्यापुढे लावून छाप. तीन ओळींची ही स्क्रिप्ट नीट समजली तर पुस्तिकेचे पैसे वसूल झाले असं समजायला हरकत नाही. पण इथेही पाय घसरतो. 'सहा रकाने म्हणजे नोंद' असं म्हटलं की फायलीची पहिली ओळ, म्हणजे रकान्यांची नावं, तीही नोंद ठरते. तिच्यातही सहाच रकाने. म्हणून पहिला रकाना निव्वळ आकड्यांचा आहे ना, ही अटही जोडावी लागते. मूल्याच्या रकान्यात काही ठिकाणी आकड्याऐवजी 'एन. ए.' असतं. बेरजेत ते शून्य धरलं जातं आणि सरासरी गुपचूप खाली येते.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइल काळाप्रमाणे बदलते. पूर्वी या फायलीत आठ रकाने होते; पुनर्खरेदीची आणि विक्रीची किंमत असे दोन जास्त. ते गेले आणि तारीख आठव्या जागेवरून सहाव्या जागेवर आली. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये 'डॉलर आठ' लिहिलेलं होतं त्यांना ऑकने काय सांगितलं असेल? काहीही नाही. ऑकमध्ये नसलेला रकाना मागितला तर ते रिकामी दोरी देतं, तक्रार करत नाही. 'आठवा रकाना आजच्या तारखेचा' ही अट एकाही ओळीला जुळत नाही आणि पडदा कोरा राहतो. अर्थात कोरा पडदा निदान लक्षात तरी येतो. त्याहून वाईट दशा नावांवर गाळणाऱ्यांची. बाजार नियामक सेबीच्या नियमाने १ एप्रिल २०२१ पासून योजनांच्या नावातला 'डिव्हिडंड' जाऊन त्या जागी 'आयडीसीडब्ल्यू' हा लांबलचक संक्षेप आला. 'डिव्हिडंड नको, ग्रोथ हवं' म्हणून नावात 'डिव्हिडंड' असलेल्या ओळी टाकणारी स्क्रिप्ट त्या दिवसापासून काहीच टाकेनाशी झाली आणि नको असलेल्या योजना यादीत येऊन बसल्या. १ जानेवारी २०१३ पासून सुरू झालेल्या 'डायरेक्ट' योजनांचंही तसंच. कुणी 'डायरेक्ट प्लॅन' लिहितं, कुणी नुसतं 'डायरेक्ट', कुणी मध्ये आडवी रेघ देतं, कुणी रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडतं, कुणी एकाच बाजूला.

तारखांचं थोडक्यात. या फायलीत तारीख दिवस, महिन्याच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं, वर्ष अशी असते. अशा तारखा लहान-मोठ्या म्हणून ताडून पाहिल्या तर तुलना अक्षरांची होते. दिवस सारखा असला की वर्णानुक्रम लागतो आणि एप्रिल जानेवारीच्या आधी येतो. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आकड्यांत लिहिल्याशिवाय तारखेवर चाळणी लावू नये.

आकड्यांचा खास मराठी घोटाळा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण परदेशी पुस्तकांत तो सापडायचा नाही. आपल्या याद्यांत किंमत कधी इंग्रजी आकड्यांत असते, कधी देवनागरी. ऑकला फक्त इंग्रजी आकडे संख्या म्हणून कळतात. देवनागरी '४५' त्याच्या दृष्टीने शब्द. 'किंमत शंभरापेक्षा जास्त' अशी चाळणी लावली की ते बघतं, इकडे शब्द आणि तिकडे संख्या, मग दोन्ही शब्द समजून ताडून बघू. शब्दांच्या रांगेत देवनागरी चिन्हं सहसा इंग्रजी आकड्यांच्या बरीच मागे उभी असतात, म्हणजे 'मोठी' ठरतात. परिणाम असा की देवनागरीत लिहिलेली प्रत्येक किंमत शंभराहून जास्त ठरते, अगदी बारा आणेवाली पुस्तिकासुद्धा. आणि त्याच किमतींची बेरीज मागा, शून्य! एकाच फायलीत, एकाच रकान्यावर, एका प्रश्नाला 'सगळे मोठे' आणि दुसऱ्याला 'सगळे शून्य' अशी दोन उत्तरं. ज्या दिवशी हे मला दिसलं त्या दिवशी दुपारचा चहा गार झाला.

उलट दिशेचा मासला पाहा. यादीतून 'राम' शोधा. परशुराम, रामायण, तुकाराम येणार हे गृहीतच आहे. पण 'ग्रामपंचायत अधिनियम' का आला? डोळ्यांना 'ग्रा' हे एक अक्षर दिसतं. फायलीत ते ग, हलन्त, र, काना असं सुटं लिहिलेलं असतं आणि पुढे म. शेवटची तीन चिन्हं म्हणजे राम. तसाच 'विश्राम', आणि 'आम्रामृत' नावाचं आंब्याच्या लागवडीवरचं पुस्तक असलं तर तेही. 'वऱ्हाड' शोधताना हवं ते निसटलं होतं, 'राम' शोधताना नको ते घुसतं, आणि दोन्हीचं मूळ एकच: आपण अक्षरं वाचतो, यंत्र चिन्हांची माळ वाचतं. आद्याक्षरांतल्या टिंबांनी यात भर घातली आहे. साच्यांच्या भाषेत टिंब म्हणजे 'कुठलंही एक चिन्ह', आणि मराठी लेखकांची निम्मी नावं टिंबांवर उभी आहेत. पु. ल., वि. स., ग. दि. शोधताना टिंब हे टिंबच आहे असं ग्रेपला 'वजा एफ' लावून बजावावं लागतं. लेखकाचं नाव ग्रंथालयी पद्धतीने आडनाव आधी लिहिलं, 'देशपांडे, पु. ल.', तर मधला स्वल्पविराम स्वल्पविरामाने तोडलेल्या फायलीत एक रकाना वाढवतो. अशा फायलींना सीएसव्ही म्हणतात. त्या दशकानुदशकं वापरात होत्या आणि त्यांचे नियम एका जागी लिहिले गेले २००५ साली. मधल्या काळात ज्याने त्याने आपल्या मनाने अवतरणचिन्हं लावली.

हा सगळा वाचनालयाचा आणि फंडांचा किरकोळ मामला वाटेल. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये हाच मामला कोविडच्या रुग्णांचा झाला. प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फायली येत आणि त्या जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलीत ओतल्या जात. जुन्या एक्सेलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला उशीर झाला. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, एवढे दोन आकडे रोज कुणी शेजारी शेजारी लिहिले असते तर ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

कुणी म्हणेल, मग सरळ डेटाबेस का वापरत नाही? वापरा की. एकाच वेळी चार माणसं नोंदी बदलत असतील, दोन याद्या एकमेकींशी बांधायच्या असतील, तर डेटाबेसच घ्यावा. टेक्स्ट फायलीच्या प्रेमात पडून हाल करून घेऊ नयेत. जाता जाता एक गंमत. 'नोएसक्यूएल' हे नाव आज प्रचंड मोठ्या, शेकडो यंत्रांवर पसरलेल्या प्रणालींना लावतात. १९९८ साली कार्लो स्ट्रोझी यांनी ते नाव दिलं होतं ते साध्या टेक्स्ट फायलींवर छोट्या आज्ञांनी चालणाऱ्या एका डेटाबेसला.

पुस्तिका सलग वाचायची नाही. पहिली दोन प्रकरणं वाचून लगेच स्वतःची एखादी फाइल घ्या; आधी तिची प्रत करा आणि मूळ फाइल बाजूला ठेवा. प्रत्येक धड्याच्या शेवटी स्क्रिप्ट दोन फायली लिहिते: एक निवडलेल्या ओळींची, एक टाकलेल्या ओळींची. सुरुवातीला दुसरी फाइल नकोशी वाटेल. ती पुसण्याआधी तिच्यातल्या निदान वीस ओळी, कुठल्याही, डोळ्यांनी वाचा. बाकी नियम मी सांगत बसलेलो नाही.

वाचनालयाच्या त्या फायलीवर मी नंतर हे सगळं स्वतः केलं. सात रकान्यांच्या ओळी ११,३४५ निघाल्या आणि दुसऱ्या फायलीत ६१. ताळा जुळला. त्या ६१ वाचायला घेतल्या. बऱ्याच ओळींत पुस्तकाच्या नावातच सेमिकोलन होता, म्हणून आठ रकाने झाले होते. काही अर्ध्यावर तुटल्या होत्या. बहुधा वीज गेली असावी. सहा-सात कोऱ्या होत्या. आणि मधेच, साधारण चार हजाराव्या ओळीच्या आसपास, एकही सेमिकोलन नसलेली एक ओळ होती. दोघांपैकी कुणीतरी टाइप करता करता लिहून ठेवली असणार: 'इथपर्यंत तपासले. कपाट ९ दमट आहे, खालच्या फळीला वाळवी, बाईंना सांगणे.' ती ओळ कुठल्याही चाळणीतून पुढे आली नसती. सरावासाठी सोबत दिलेल्या फायलीत ती तशीच ठेवली आहे. बाईंना फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, "नऊ नंबरचं ना? अहो, ते आम्ही आत्ता दिवाळीत मोकळं केलं. वाळवी होतीच."